वटवाघळाला उघड्या हाताने सोडवलं, त्यानंतरचे चार दिवस

शनिवार, १० जानेवारी २०२६. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला जानेवारीत पहाटे पाचलाच लख्ख उजाडतं. शाळेला सुट्टी असली तरी माझी नऊ वर्षांची लेक उजाडल्यावर अंथरुणात राहत नाही. उठते आणि आधी मागच्या अंगणात जाते, रात्रीत किती आंबे पडले ते बघायला. त्या दिवशी ती धावतच परत आली. म्हणाली, "आई, जाळीला कोणीतरी लटकलंय आणि ते माझ्याकडे बघतंय."

आमच्या अंगणात केन्सिंग्टन प्राइडचं झाड आहे. इथले लोक त्याला बोवेन आंबा म्हणतात. हापूसची सर नाही, पण घरच्या झाडाचा आंबा म्हटल्यावर राजापूरकडच्या माणसाचा जीव त्यात अडकतोच. गेल्या वर्षी वटवाघळांनी अर्धं झाड फस्त केलं, म्हणून डिसेंबरात मी हार्डवेअरच्या दुकानातून काळी, बारीक दोऱ्याची जाळी आणून झाडावर टाकली होती. स्वस्तातली, मोठ्या भोकांची. त्या जाळीत एक मोठं वटवाघूळ उलटं अडकलं होतं. एक पंख पूर्ण गुंडाळला गेलेला, दुसरा अर्धा उघडा. दोरा पंखाच्या पातळ कातडीत रुतलेला. ते धडपडत नव्हतं. रात्रभर धडपडून दमलं असावं. तोंड कुत्र्याच्या पिल्लासारखं, डोळे मोठे, तपकिरी.

मी काय विचार केला ते खरं सांगते. विचार असा केलाच नाही. गावी घरात पाकोळी शिरली की बाबा तिला पंच्यात धरून बाहेर सोडायचे, ते हातात होतं. लेकीला म्हटलं, ओट्यावरचा टॉवेल आण. एका हाताने टॉवेल त्याच्यावर धरला, दुसऱ्या हातात कात्री घेतली आणि दोरे कापायला लागले. हातमोजे घरात होते, बागकामाचे, दहा पावलांवर. पाचसहा दोरे सुटले असतील. पंख मोकळा होताच ते एकदम वळलं आणि टॉवेलच्या बाहेर आलेल्या माझ्या उजव्या तर्जनीवर काहीतरी झालं. अंगठ्याची नखी लागली की दात लागला, आजही सांगता येणार नाही. एक लांब ओरखडा आणि दोन बारीक टोचल्याच्या खुणा. रक्त एक थेंब आलं असेल. नळाखाली बोट धरलं, डेटॉल लावलं, पट्टी गुंडाळली. काट्याने ओरखडल्यावर करतो तेवढंच.

तोवर नवरा उठून बाहेर आला. त्याने मात्र झाडाजवळ न जाता आधी फोन लावला, प्राण्यांच्या बचावासाठीच्या नंबरावर. तिकडून सांगितलं, हात लावू नका, जाळी कापू नका, मुलांना आणि कुत्र्यामांजरांना लांब ठेवा, माणूस पाठवतो.

७ वाजून १० मिनिटांनी एक बाई आल्या. साठीच्या असतील. इथे जखमी वन्यप्राणी घरी सांभाळणारे स्वयंसेवक असतात, त्यांना केअरर म्हणतात. वटवाघळांना हात लावायचा तर या केअररना आधी रेबीजची लस घ्यावी लागते आणि रक्त तपासून लस लागू पडली की नाही तेही बघतात. बाईंच्या हातात कोपरापर्यंत जाड हातमोजे होते. त्यांनी वटवाघळाला जाळीसकट टॉवेलात गुंडाळलं आणि मगच भोवतालची जाळी कापली. पंखाला गुंडाळलेला दोरा त्या ठिकाणी काढत नाहीत. रक्तपुरवठा किती तुटलाय ते नंतर कळतं, पंखाची कातडी कधीकधी काही दिवसांनी मरते. म्हणून सुटल्यासुटल्या उडवून देणंही चुकीचंच, हे तेव्हा कळलं. त्यांनी पोटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नर आहे. मादी असती तर या दिवसांत तिचं पिल्लू कुठेतरी वाट बघत असतं." मला हायसं वाटलं.

मग त्यांचं लक्ष माझ्या पट्टीकडे गेलं. "हे याचं?"

मी सहज सांगून टाकलं, "हो, पण काही नाही, जरासं ओरखडलं."

त्यांचा चेहरा उतरला. टॉवेलातल्या त्या गाठोड्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि गाठोडं खाली ठेवून माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "आता आधी तुझं बोट. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. घड्याळ लावून. मग बोलू."

पंधरा मिनिटं ही फार मोठी वेळ असते. मोबाइलवर टायमर लावला म्हणून निभावलं, नाहीतर तिसऱ्या मिनिटालाच झालं असं वाटलं असतं. मी हात धूत असतानाच नवऱ्याने १३ हेल्थला फोन लावला. आमच्या क्वीन्सलंड राज्यात हा नंबर दिवसरात्र चालू असतो, नर्स बोलते. तिनेही तेच सांगितलं: साबणपाण्याने पंधरा मिनिटं, मग पोव्हिडोन आयोडीन, आणि आजच्या आज डॉक्टर. उद्या नाही, सोमवारी नाही. वेळ न घालवता जखम नीट धुणं हाच उपचाराचा पहिला भाग आहे, नुसती स्वच्छता नव्हे, असं ती म्हणाली.

मी नळाशी उभी असतानाच बाईंनी सांगितलं. इथल्या वटवाघळांमध्ये ऑस्ट्रेलियन बॅट लिसाव्हायरस नावाचा विषाणू असतो. रेबीजच्याच कुळातला. १९९६ साली न्यू साउथ वेल्समधल्या बॅलिनाजवळच्या एका वटवाघळात तो पहिल्यांदा ओळखला गेला. ऑस्ट्रेलियातल्या कुत्र्यांमध्ये रेबीज नाही, म्हणून आपल्याला वाटतं इथे ती भानगडच नाही. एकूण वटवाघळांत शंभरात एकालाही नसतो, पण आजारी किंवा जखमी होऊन माणसाच्या हाती लागणाऱ्यांमध्ये प्रमाण जास्त असतं. लक्षणं सुरू झाली की त्यावर औषध नाही. लक्षणांच्या आधी मात्र रेबीजचीच लस आणि रेबीजचंच इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, देऊन रोखता येतं.

आणि मग म्हणाल्या, "त्याची तपासणी करावी लागेल."

मी म्हटलं, "करा ना. रक्त घेणार का त्याचं?"

"मेंदू लागतो," त्या म्हणाल्या.

पाणी चालूच होतं. मी म्हटलं, "मग असं नाही का करता येणार, की ओरखडलं हे लिहूच नका? मी घेते सगळी इंजेक्शनं. त्याला तुम्ही घेऊन जा, बरं करा."

त्या म्हणाल्या, "तू नऊ वर्षांच्या मुलीची आई आहेस. मी हे ऐकलं नाही असं समजते." त्यांचे डोळे भरून आले होते. गाठोडं पेटीत ठेवताना त्यांनी त्याच्या पाठीवरून टॉवेलावरूनच हात फिरवला. जाताना एवढंच म्हणाल्या, की हातमोजे असते तर त्याला महिनाभर ठेवून घेतलं असतं, पंख बरा होण्यासारखा होता.

जवळच्या दवाखान्यात फोन केला तेव्हा आठ वाजले होते. मी म्हटलं, प्राण्याने ओरखडलंय, डॉक्टरांना दाखवायचंय. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, सोमवारी दुपारी जागा आहे. मी "बरं" म्हणणार होते. नवऱ्याने फोन हातातून घेतला आणि म्हणाला, "वटवाघळाने ओरखडलं आहे, लिसाव्हायरससाठी आज उपचार लागणार आहेत." लगेच ९ वाजून २० मिनिटांची वेळ मिळाली. म्हणून सांगते, पहिल्याच वाक्यात वटवाघूळ हा शब्द येऊ द्या. आपल्याला आपल्या दुखण्याने कोणाला त्रास द्यायचा नसतो, आपण हळू आवाजात "थोडंसं लागलंय" म्हणतो आणि समोरचा तेच लिहून घेतो.

डॉक्टर तरुण होते. असा पेशंट पहिलाच, असं त्यांनी सरळ सांगितलं आणि मला ते आवडलं. माझ्यासमोरच त्यांनी पब्लिक हेल्थ युनिटला, म्हणजे सरकारी आरोग्य कार्यालयाला, फोन लावला. शनिवार असूनही तिथे ड्यूटीवर कोणीतरी असतं. चाळीस मिनिटं ते एकमेकांशी आणि मग माझ्याशी बोलले. प्रश्न पुष्कळ होते, उत्तरं तयार ठेवली तर वेळ वाचतो: जखम नेमकी कुठे, किती वाजता झाली, किती वेळ धुतली, वजन किती, गरोदर आहे का, प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू आहे का, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं, घरात मांजर किंवा कुत्रा आहे का, वटवाघूळ आता कुठे आहे, आणि आणखी कोणी त्याला हात लावला का.

एक प्रश्न होता, यापूर्वी रेबीजची लस घेतली आहे का. मी उत्साहाने हो म्हटलं. १९८८ मध्ये गावात पिसाळलेला कुत्रा चावला होता आणि बाबांनी मला एस्टीने रोज तालुक्याला नेऊन पोटात चौदा इंजेक्शनं दिली होती. ती इंजेक्शनं आठवडाभर दुखायची, मी त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून रडायचे आणि बाबा परतताना खडीसाखर द्यायचे. एवढं सोसलंय तर त्याचा काहीतरी उपयोग असेलच! पण पलीकडच्या नर्सने शांतपणे सांगितलं, ती धरत नाहीत. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती. भारतात २००४ मध्येच तिचं उत्पादन थांबलं. ज्यांनी फक्त ती घेतली आहे त्यांना लस न घेतलेलेच समजतात. माझ्या वयाच्या अनेक मराठी माणसांच्या पोटावर त्या चौदांच्या आठवणी आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते. त्यांच्या भरवशावर राहू नका.

नियम असा, की वटवाघळाचा अहवाल ४८ तासांत मिळणार असेल आणि जखम डोक्यामानेची नसेल, तर थांबता येतं. आमचा शनिवार होता. प्राणी पशुवैद्यांकडे पोचून, नमुना प्रयोगशाळेत जाऊन अहवाल यायला मंगळवार उजाडणार. म्हणून आजच सुरू करायचं ठरलं. पूर्ण उपचार म्हणजे पहिल्या दिवशी इम्युनोग्लोब्युलिन आणि लसीचा पहिला डोस. पहिला डोस ज्या दिवशी तो शून्यावा दिवस, त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी एकेक डोस. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना अठ्ठाविसाव्या दिवशी पाचवा. माझे दिवस कॅलेंडरवर लिहून दिले: १०, १३, १७ आणि २४ जानेवारी.

इम्युनोग्लोब्युलिन दवाखान्यात नसतं, त्यासाठी सरकारी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं होतं. डॉक्टरांनी पत्र दिलं. तिथे तीन तास दहा मिनिटं बसले. छातीत दुखणारी माणसं येत होती, हात मोडलेली पोरं येत होती, माझ्या बोटावर तर एक पट्टी. आपण उगीच आलोय का असं दहादा वाटलं. चार्जर, पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी घेऊन जा. मी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

लस दंडात जाते, ती काही दुखत नाही. इम्युनोग्लोब्युलिनचं मात्र सांगते, कारण आधी माहीत असलं की सोसवतं. ते वजनावर मोजतात, किलोला २० युनिट. माझं वजन ६१ किलो, म्हणजे १२२० युनिट, जवळजवळ ८ मिली. यातलं जेवढं मावेल तेवढं जखमेत आणि जखमेच्या भोवती टोचतात, कारण विषाणू जिथे शिरला असेल तिथेच त्याला गाठायचं असतं. बोटात जागा ती किती! हळूहळू, थोडं थोडं, चार ठिकाणी टोचलं. बोट पांढरं पडून फुगलं. मी नवऱ्याचा हात धरून ठेवला होता आणि मला त्या क्षणी बाबांची खडीसाखर आठवत होती. जेमतेम एक मिली बोटात गेलं असेल, उरलेलं दोन्ही मांड्यांत. लस डाव्या दंडात, इम्युनोग्लोब्युलिनपासून लांब. त्यानंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवलं आणि सोडलं.

औषधाचे पैसे लागले नाहीत. वटवाघळाच्या संपर्कानंतरची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन इथे सरकार देतं आणि इमर्जन्सी मेडिकेअरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्यात, येते. सकाळच्या दवाखान्याचे ४५ डॉलर खिशातून गेले, पार्किंगचे १८.

संध्याकाळी घरी आल्यावर खरी भीती वाटली, आणि ती माझ्यासाठी नव्हती. "आणखी कोणी हात लावला का?" या प्रश्नाला मी सकाळी नाही म्हणून टाकलं होतं. पण लेकच आधी बाहेर होती. मला बोलवायला धावत येण्याआधी ती झाडाशी एकटी किती वेळ होती? मी घाईघाईने विचारलं, हात लावलास का, तर ती घाबरून नाही म्हणाली. घाबरलेल्या मुलाचं नाही हे उत्तर नसतं. नवऱ्याने तिला जवळ बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, गोष्ट सांगावी तसं. तू कुठे उभी होतीस, त्याचे कान कसे होते, तुला त्याला कुरवाळावंसं वाटलं का? ती म्हणाली, वाटलं, पण ते उंच होतं. मग आम्ही तिच्या हातांची, दंडांची, मानेची कातडी उजेडात नीट बघितली. काही नव्हतं. तरी पब्लिक हेल्थच्या नर्सला पुन्हा फोन करून हे सगळं सांगितलं. तिचं समाधान झालं, मग आमचं झालं.

रविवारी दंड आणि मांड्या ठणकत होत्या, थोडी कणकण होती. पॅरासिटामॉल घेऊन पडून राहिले आणि नको ते वाचत बसले. या विषाणूने आजवर चार माणसं गेली आहेत. पहिली १९९६ मध्ये क्वीन्सलंडमध्येच, वटवाघळं सांभाळणारी एक बाई. दुसरी १९९८ मध्ये, तिलाही वटवाघूळ चावलं होतं आणि चावल्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळाने लक्षणं सुरू झाली होती. तिसरा २०१३ मध्ये आठ वर्षांचा मुलगा. चौथा गेल्याच जुलैमध्ये, २०२५ ला, न्यू साउथ वेल्समधला पन्नाशीतला माणूस, काही महिन्यांपूर्वी वटवाघूळ चावलेला. दोन वर्षं हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. दोन वर्षं रोज सकाळी उठून बोटाला मुंग्या येतायत का ते बघायचं?

सोमवारी सकाळी पब्लिक हेल्थच्या नर्सचा फोन आला तेव्हा तिला हेच विचारलं. तिने घाई केली नाही. म्हणाली, लक्षणं दिसायला एवढा वेळ लागू शकतो म्हणूनच उशिरा आलेल्यांनाही आम्ही उपचार देतो, कोणी महिन्यांपूर्वीचा ओरखडा घेऊन आलं तरी. आणि तू तर त्याच दिवशी आलीस. जखम धुतली, इम्युनोग्लोब्युलिन मिळालं, लस सुरू झाली. तुझ्या बाजूने जे करायचं ते झालंय, आता तारखा चुकवू नकोस. या बोलण्याने मला जो धीर आला तो इंटरनेटवरच्या दहा पानांनी आला नव्हता. तुमच्यावर अशी वेळ आली तर त्या नर्सचं नाव आणि थेट नंबर लिहून घ्या आणि वाचण्यापेक्षा तिला विचारा.

आईला राजापूरला फोन केला. मी कितीही हळू सांगितलं तरी तिला कळायचं ते कळलं. "अगो, पण चावलंन नाही ना? नुसतं ओरखडलंन ना?" मी म्हटलं, आई, यात तसा फरक नाही, दोन्ही सारखंच धरतात. ती गप्प झाली. मग म्हणाली, आम्ही लहानपणी वडाखाली पडलेली वटवाघळं काठीने ढोसायचो, हातात घ्यायचो, कोणी काही सांगितलं नाही. भावाने फोन घेतला आणि निपाहचं, वटवाघळांमधल्या त्या दुसऱ्या विषाणूचं, विचारलं. त्याच्या मनात महाबळेश्वरच्या गुहेची बातमी होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये तिथल्या वटवाघळांचे नमुने घेतले होते आणि काहींमध्ये निपाहविरुद्धची प्रतिपिंडं मिळाली होती. निपाह ऑस्ट्रेलियात नाही. इथे त्याचा भाऊबंद आहे तो हेंड्रा, आणि हेंड्रा हे आमच्याच ब्रिस्बेनचं एक उपनगर. १९९४ मध्ये तिथल्या तबेल्यातले घोडे आणि त्यांना शिकवणारा माणूस त्या विषाणूने गेले. पण हेंड्रा वटवाघळाकडून घोड्याला आणि आजारी घोड्याकडून माणसाला झालेला आहे, वटवाघळाकडून थेट माणसाला झाल्याचा पुरावा नाही. शेजारच्या काकांनी कुंपणावरून मला हेच विचारलं होतं, त्यांनाही हेच सांगितलं. आणि हेही, की झाडावरून वटवाघळं उडत गेली, अंगणात त्यांची विष्ठा पडली, तर लिसाव्हायरस होत नाही. चावा, ओरखडा, किंवा त्यांची लाळ डोळ्यात, तोंडात, उघड्या जखमेत जाणं, एवढंच सांभाळायचं. काका झाडं तोडायची भाषा करत होते, म्हणून हे सांगणं मला गरजेचं वाटलं. मोठी वटवाघळं रात्रीत कित्येक किलोमीटर उडतात, निलगिरीची फुलं चाखतात, परागकण आणि बिया नेतात. इथली जंगलं त्यांच्यावर चालतात.

मंगळवारी, १३ तारखेला, सकाळी साडेनऊला दुसरा डोस. लस पब्लिक हेल्थने थेट आमच्या दवाखान्यात पाठवली होती, त्यामुळे हॉस्पिटलची फेरी टळली. या वेळी उजवा दंड. वीस मिनिटांत बाहेर. नोंद लसीकरणाच्या राष्ट्रीय रजिस्टरमध्ये गेली का, हे मी विचारून घेतलं आणि एक प्रत मागून घेतली. पुढे कधी पुन्हा असं काही झालं, कुठल्याही देशात, तर हा कागद लागतो. माझ्या चौदा इंजेक्शनांचा एकही कागद नव्हता.

दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी फोन आला. मी गाडीत होते, बाजूला घेतली. नर्स म्हणाली, "अहवाल निगेटिव्ह आहे. उरलेले दोन डोस लागणार नाहीत."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. चार दिवसांत पहिल्यांदा श्वास मोकळा झाला. आणि तो मोकळा झाल्याबरोबर दुसरी गोष्ट समोर आली. त्याला काहीच झालेलं नव्हतं. तो निरोगी होता. आंबा खायला आला होता, माझ्या जाळीत सापडला, आणि जाळीनेही मेला नसता. मी दहा पावलं चालून हातमोजे आणले नाहीत, म्हणून मेला. आणि मुळात हातमोजे घालूनही मी त्याला हात लावायला नको होता. बागेच्या हातमोज्यातून दात आरपार जातात, बाईंनी नंतर सांगितलं. फोन लावायचा, लांब उभं राहायचं, ऊन आलं तर वरून चादर धरायची, बस.

संध्याकाळी मी बाईंना फोन केला. त्यांना अहवाल कळवणं मला माझं कर्तव्य वाटलं, पण नंबर लावायला अर्धा तास लागला. मी म्हटलं, निगेटिव्ह आला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, "तुझं बोट कसं आहे?"

मी म्हटलं, सूज उतरली. त्यांनी विचारलं, लेक कशी आहे? मी सांगितलं, ती त्याचं चित्र काढते आहे, पंखांसकट. मग मी जाळीचं विचारलं. त्या म्हणाल्या, दुकानात जाळीत बोट घालून बघ. बोट आरपार गेलं तर ती जाळी घेऊ नकोस. ताणल्यावर भोक ५ मिलिमीटरपेक्षा कमी हवं, दाट विणीची, पांढरी, म्हणजे त्यांना रात्री दिसते. आणि झाडावर सैल टाकू नकोस, ताणून बांध. व्हिक्टोरियात २०२१ पासून घरच्या झाडांसाठी याहून मोठ्या भोकाची जाळी वापरायला बंदीच आहे. नाहीतर सरळ फळांना पिशव्या बांध. पिशव्यांचं ऐकून मला हसू आलं. भाऊ गावी हापूसला कागदी पिशव्या बांधतो, मला कित्येक वर्षं सांगतो आहे.

बुधवारी रजा होती. सकाळी नवऱ्याने शिडी लावली आणि आम्ही जाळी उतरवली. ती तशीच कचऱ्यात टाकू नका, तिथेही पक्षी, सरडे अडकतात. आम्ही कात्रीने तिचे बारीक तुकडे केले, तासभर लागला. एका ठिकाणी दोऱ्याला तांबूस काळी लव चिकटलेली होती. लेकीने बघितली, हात लावला नाही, आणि मला विचारलं, "त्याला माहीत होतं का, की तू मदत करत होतीस?"

मी नाही म्हटलं. त्याला फक्त एवढंच माहीत असणार की कोणीतरी मोठं त्याला धरतंय.

खालच्या फांद्यांवरच्या साठेक फळांना पिशव्या बांधल्या. वरच्या फांद्यांना हात पोचत नाही, त्या तशाच ठेवल्या. रात्री साडेसात-आठला पंखांचा आवाज येतो, मग वरून एखादी कोय अंगणातल्या पत्र्यावर पडते. लेक खिडकीतून बघते, आतूनच.